वरच्या दीड फुटासाठी

एप्रिलच्या मध्यापासून जून संपेपर्यंत इंग्लंडातल्या मोठ्या जलाशयांवर बझरचे राज्य असते. आपले काही वाचक लेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल या भागांत कायमचे राहतात. काही दरवर्षी उन्हाळ्यात मुलाबाळांकडे जातात, आणि तिकडे गेल्यावर रटलंड वॉटरला किंवा च्यू व्हॅलीला नाव घेऊन एक दिवस काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. या मंडळींचा दरवर्षीचा प्रश्न ठरलेला आहे. मासे वरच फिरताना दिसतात, निम्फही बरोबर आहे, मग लाइन कोणती लावायची? फ्लोटिंग ठेवायची की इंटरमीजिएट?

एका ओळीत द्यायचे तर उत्तर असे: वरच्या दीड फुटात मासेमारी करताना लाइन निवडणे म्हणजे ओढीचा वेग निवडणे. खोक्यावर छापलेला बुडण्याचा आकडा खोली सांगतो असे आपण धरून चालतो. खरे तर त्या पातळीत निम्फला टिकवायचे असेल तर ती किती जोरात ओढावी लागेल, हे तो आकडा सांगतो. आणि बझरच्या कोषाला वेग असा नसतोच.

थोडे बझरविषयी बोलायला हवे, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. कायरोनॉमिड कुळातली ही न चावणारी चिलटे. अळी तळाच्या गाळात नळी करून राहते. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून ती लालभडक दिसते आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही तग धरते. कोष झाला की तो हळूहळू वर येऊ लागतो आणि पृष्ठभागाखाली येऊन अडतो, कारण वर पृष्ठताणाची साय असते आणि ती फोडून बाहेर पडायला त्याला जोर लावावा लागतो. वारा पडलेला असेल तर ही साय अखंड राहते आणि कोष तिच्याखाली लटकत राहतात. ट्राउटला याहून सोपे जेवण नाही. तो वरच्या थरात, बहुतेक वेळा वाऱ्याच्या दिशेने तोंड करून, संथपणे एकेक कोष टिपत पुढे सरकतो. अशा वेळी तो समोर आणि वर पाहत असतो. निम्फ त्याच्या पातळीखाली गेली की खाली वळून ती उचलण्याचे कष्ट तो क्वचितच घेतो. दोन फूट खाली गेलेली उत्तम निम्फ ही पेटीत राहिलेल्या निम्फइतकीच उपयोगाची.

आता आकडे. हे सेकंदाला इंचांत दिलेले असतात. हॉव्हर नावाने विकली जाणारी लाइन साधारण अर्धा इंच बुडते, संथ इंटरमीजिएट एक इंच, जलद इंटरमीजिएट दीड ते दोन इंच. दीड फूट म्हणजे अठरा इंच. सैल सोडलेली हॉव्हर तो पट्टा ओलांडायला छत्तीस सेकंद घेते, संथ इंटरमीजिएट अठरा आणि जलद इंटरमीजिएट नऊ ते बारा. ओढ सुरू केली की बुडणे मंदावते, हे खरे. पण दोन इंचांची लाइन दीड फुटात रोखून धरायची तर ओढ इतकी झपझप द्यावी लागते की आपली निम्फ कोष न राहता पळणारे पिल्लू होते. जूनच्या संध्याकाळी रंगीत पिसांच्या ल्युअरला ते शोभते. काळ्या, बारीक, चौदा नंबरच्या बझरला नाही. इंटरमीजिएट लावून मासा मिळत नाही म्हणून निम्फ बदलत बसणारे आपल्यात पुष्कळ आहेत. निम्फची काही तक्रार नसते, हात लाइनच्या मागे धावत असतो.

मग फ्लोटिंगच का नको? बहुतेक दिवस फ्लोटिंगच. आमचे मत स्पष्ट आहे: शंका असेल तर तरंगती लाइन लावा. तिच्यावर निम्फला हवा तितका वेळ नुसते लटकत ठेवता येते. शिवाय लाइन वर आणि निम्फ खाली असल्याने प्रत्येक ओढीला निम्फ वर चढते आणि ओढ थांबली की पुन्हा खाली बसते. कोषाची चाल हीच. बुडालेल्या लाइनवर ओढ आडवी लागते आणि थांबताच सगळे मिळून खाली जाते. तिथे चढ नाहीच. तिसरी गोष्ट, संथ निम्फ घेताना मासा हिसका देत नाही. तो घेतो, तोंड मिटतो, आणि लाइनचे टोक जेमतेम चार बोटे सरकते किंवा दोन ओढींमधला झोल सरळ होतो. तरंगत्या लाइनवर हे डोळ्यांना दिसते. बुडालेल्या लाइनवर मधला बाक सरळ होईपर्यंत हाताला पत्ता लागत नाही आणि तोवर निम्फ बाहेर थुंकलेली असते.

तरंगत्या लाइनचे दोन शत्रू आहेत, वारा आणि निवांत पाणी. दोन्हींचा बंदोबस्त वेगवेगळा.

वाऱ्याने पाण्याचा वरचा पातळ थर स्वतः वाहू लागतो. त्याचा वेग वाऱ्याच्या सुमारे तीन टक्के धरतात. ताशी 15 किलोमीटरचा वारा म्हणजे झुळूकच, पण त्याने वरचा थर सेकंदाला बारा सेंटिमीटरने सरकतो. अर्ध्या मिनिटात साडेतीन मीटर. फूटभर खालचे पाणी इतके सरकत नाही. काठावरून किंवा नांगर टाकलेल्या नावेतून आडव्या वाऱ्यात फेकलेली तरंगती लाइन या थराबरोबर वाहत जाते, तिला कमान पडते आणि कमानीच्या टोकाला असलेली निम्फ फरपटत जाते. तुम्ही हात अजिबात हलवला नाही तरी. आडव्या वाऱ्यात काठावरून अशी थोडी कमान मुद्दाम वापरणारे जाणकार आहेत, आणि मंद झुळुकीत ती कमान निम्फला हळूहळू वळसा घालत आणते तेव्हा मासे लागतातही. आर्थर कोव्ह यांनी ग्रॅफम आणि रटलंडवर लांब लीडर, फेझंट टेल निम्फ आणि विलक्षण संथ हात यांच्या जोरावर नाव कमावले. पण वारा वाढला की ही किमया हातातून निसटते. वाहत्या नावेतून मासेमारी करताना वारा पाठीमागून असतो, तिथे कमानीचा त्रास कमी. मात्र लाटेवर वरखाली होणारी लाइन निम्फलाही तशीच नाचवते.

इथे मिज टिप कामाला येते. सगळी लाइन तरंगती, फक्त पुढचे तीन फूट संथ बुडणारे. टोक सहा, आठ किंवा बारा फुटांचेही मिळते. तीन फुटांचे टोक फारसे काही बुडवत नाही. ते फक्त साय फोडून तिच्याखाली जाते, आणि तेवढेच हवे असते. टोक खालच्या, कमी सरकणाऱ्या पाण्याला धरून राहते आणि निम्फला लाटेचे धक्के थेट पोहोचत नाहीत. मागचा तरंगता भाग डोळ्यांसमोर असल्याने मासा घेतलेला दिसतो. वरच्या थरातल्या निम्फसाठी बनवलेल्या खास लाइनींमध्ये आम्हाला ही सर्वांत समंजस वाटते, आणि विकत घेताना बारा फुटांकडे जाण्याचा मोह टाळावा असेही वाटते. बारा फुटांचे टोक लांब लीडरसह तीन-चार फूट खाली शोधायला चांगले. तो दुसरा दिवस, दुसरे काम.

ही कल्पना प्लास्टिकच्या लाइनींआधीची आहे. रेशमी लाइनींच्या काळात लाइन मुळात बुडायची, तिला चरबी चोळून तरंगती करत. ज्यांना निम्फ जरा खाली हवी असे ते टोकाचा भाग चरबी न चोळता तसाच ठेवत, म्हणजे तेवढाच पाणी पिऊन बुडे. किती भाग बुडवायचा हे काठावर बसून, त्या दिवसाचे पाणी पाहून ठरवता येत असे. ब्लॅगडन जलाशयावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्राउटची मासेमारी सुरू झाली. पहिल्या महायुद्धानंतर तिथे आलेले डॉक्टर बेल माशांच्या पोटात काय सापडते ते तपासून त्या बेताच्या निम्फ बांधू लागले. स्थिर पाण्यातल्या निम्फची परंपरा तिथून धरतात. त्या पिढीकडे लाइनींच्या डझनभर जाती नव्हत्या, एक रेशमी लाइन आणि चरबीची डबी होती. पन्नाशीच्या दशकात पीव्हीसीचे वेष्टण आले, त्यात हवेने भरलेले काचेचे सूक्ष्म गोळे मिसळून लाइन कायमची तरंगती झाली आणि चोळण्याचा व्याप संपला. त्याबरोबर टोकावरचा ताबाही गेला. तो आता आपण वेगळी लाइन घेऊन, वेगळे पैसे मोजून परत मिळवतो. अर्थात तरंगत्या लाइनचे बारीक टोक जुने झाल्यावर आपोआप बुडू लागते, कारण तिथे वेष्टण कमी आणि नायलॉनचा गाभा तुलनेने जास्त असतो. ड्राय फ्लायवाले त्याबद्दल कुरकुरतात. निम्फवाल्याने अशी लाइन फेकू नये. ती फुकटची मिज टिप आहे.

मिज टिपचीही मर्यादा आहे. पाण्यावर पांढरे फेस दिसू लागले, म्हणजे ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे वारा गेला, की तिचा तरंगता भाग वाहतोच. तेव्हा हॉव्हर. ही लाइन संपूर्ण सायीखाली जाते आणि वाऱ्याच्या तावडीतून सुटते. किंमत म्हणून दृष्टी गमवावी लागते, मासा बोटांनी ओळखावा लागतो, आणि लाइन पुन्हा फेकण्याआधी एक रोल कास्ट मारून ती वर आणावी लागते. वाहत्या नावेतून फेकल्यावर नाव लाइनकडे सरकत असते. तेव्हा डाव्या हाताने आठाचा आकडा करत फक्त झोल गोळा करायचा. निम्फ ओढायची नाही. वाचायला सोपे वाटते, करताना दर दहा मिनिटांनी हात आपोआप ओढू लागतो.

जोरदार वाऱ्यात हॉव्हरबरोबर वॉशिंग लाइनची मांडणी इंग्लंडात सर्रास वापरली जाते. लीडरच्या टोकाला फोमच्या डोळ्यांची बूबी, मागे ड्रॉपरवर दोन साध्या निम्फ. बूबी वर तरंगते आणि निम्फ दोन खांबांमधल्या पाण्यात टांगल्या जातात. इथे एक बारकावा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तरंगत्या लाइनवर ही मांडणी लावली तर दोन्ही टोके वर असतात, म्हणून मधल्या निम्फ वरच्या वितभर पाण्यातच राहतात. हॉव्हरवर लावली तर बूबीचे टोक वर राहते आणि लाइनचे टोक खाली उतरत जाते, त्यामुळे लाइनजवळचा ड्रॉपर सर्वांत खोल. नेहमीच्या जड पॉइंट फ्लायच्या मांडणीच्या हे नेमके उलटे. कुठल्या ड्रॉपरवर मासा लागला यावरून खोली काढायची असेल, तर आधी लाइन कोणती आहे ते आठवून मग काढावी.

आता दुसरा शत्रू, आरशासारखे निवांत पाणी. माशाला वरचे जग एका गोल खिडकीतून दिसते. तो 30 सेंटिमीटर खोल असेल तर ती खिडकी जेमतेम 68 सेंटिमीटर रुंद. खिडकीबाहेर पाण्याची खालची बाजू आरसा होते आणि त्या आरशावर तरंगत्या लाइनचे प्रत्येक सरकणे ओरखड्यासारखे उमटते. निवांत पाण्यात ओढ दिली की लाइनमागे उठणारी रेघ तर आपल्यालाही दिसते. यावर पारदर्शक संथ इंटरमीजिएट लावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो आम्हाला अर्धाच पटतो. रेघ जाते हे खरे, पण निवांत पाण्यात कोष सर्वांत वर आणि सर्वांत स्थिर असतात, आणि नेमके तेव्हाच आपण सेकंदाला इंचभर खाली जाणारी लाइन लावतो. आमच्या मते आधी लीडर वीस फुटांपर्यंत लांबवावा, तरंगती लाइन ठेवावी आणि ओढणे थांबवावे. रेघ ओढीने उठते, लाइनने नव्हे. तरीही मासे बुजत असतील तर पारदर्शक लाइनकडे वळावे, तेही लहान फेकीसाठी, मासा दिसल्यावर त्याच्या पुढे टाकून.

लांब लीडर म्हटला की त्याचा धागा कशाचा हा प्रश्न येतो, आणि इथे लाइनइतकाच फरक पडतो. फ्लुरोकार्बनची घनता 1.78 च्या आसपास, नायलॉनची 1.15 च्या आत. दोन्ही पाण्यापेक्षा जड. फ्लुरोकार्बनचा अठरा-वीस फुटांचा लीडर निम्फला हळूहळू खाली ओढतो, आणि बुडणाऱ्या लाइनवर तो आणखी भर घालतो. तरंगत्या लाइनवर फ्लुरोकार्बन, हॉव्हरवर को-पॉलिमर नायलॉन, असा ढोबळ हिशेब ठेवला तर क्वचितच चुकते. लीडर वर तरंगून चमकू लागला तर त्याचा तेलकटपणा काढावा लागतो. तिकडच्या दुकानांतून डबीत जी करड्या रंगाची लगदी विकतात तिच्यात मुख्य घटक आपली मुलतानी माती असते. चिमूटभर माती, भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब आणि थोडे ग्लिसरिन एकत्र मळले की झाले. डबी जुन्या कॅमेरा रोलची असेल तर उत्तम.

छापील आकड्यांविषयी एक तक्रार नोंदवायला हवी. लाइनच्या वजनाला 1961 पासून अमेरिकी मानक आहे. पहिल्या तीस फुटांचे वजन सहा नंबरला 160 ग्रेन, सात नंबरला 185 ग्रेन, म्हणजे सुमारे 12 ग्रॅम. बुडण्याच्या वेगाला मात्र असे बंधन नाही. एका कंपनीची इंटरमीजिएट दुसऱ्या कंपनीच्या हॉव्हरच्या जवळ जाते, आणि वजनाचे मानकही आता बरेच उत्पादक सैल हाताने पाळतात. वेगवान रॉड वाकावेत म्हणून अर्ध्या-एका नंबराने जड लाइन सातच्या खोक्यात घालतात. जड लाइन पाण्यावर थपकन पडते. वरच्या थरातल्या माशांसाठी हे वाईट आहे. म्हणून खोक्यावर ग्रेन लिहिलेले असतील तर ते वाचा, आणि दहा फुटी सात नंबरच्या जलाशयी रॉडला मानकाच्या जवळची लाइन मागा. बुडण्याचा वेग स्वतः मोजायला तर घड्याळ आणि धक्क्याची भिंत पुरते. लाइनचा तीनेक मीटरचा भाग सैल सोडायचा आणि पाण्यातल्या खुणेपर्यंत पोहोचायला किती सेकंद लागले ते मोजायचे. जाडा भाग आधी आणि बारीक टोक मागून बुडत असेल, तर लाइन मधे झोळ धरते आणि मासा घेतलेला कळायला उशीर होतो हेही तिथेच दिसते.

आपल्या वाचकांचा खास घोटाळा वेगळा आहे. गोवा, कोकण किंवा अंदमानच्या समुद्रासाठी घेतलेली ट्रॉपिकल लाइन घरात असते, तीच बॅगेत भरून इंग्लंडात नेली जाते. उष्ण हवेत मऊ पडू नये म्हणून तिचे वेष्टण आणि गाभा कडक ठेवलेले असतात. एप्रिलच्या थंडगार पाण्यावर ती रीलवरून स्प्रिंगसारखी वेटोळी घेत उतरते. वेटोळ्यांच्या लाइनवर संथ निम्फ घेणारा मासा दिसणे अशक्य. उलट, थंड पाण्यासाठीची मऊ लाइन मे महिन्यात आपल्याकडे आणली की कड्यांना चिकटते. आणखी एक: समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून अडीच-तीन टक्के जड असते. गोड्या पाण्यात अर्धा इंच बुडणारी हॉव्हर समुद्रात बुडेलच याची खात्री नाही. आणि समुद्रात इंटरमीजिएट म्हणून वापरलेली लाइन तळ्यात अंदाजापेक्षा जलद खाली जाते. घरातली सी-लाइन रटलंडला चालवून घेऊ, हा विचार विमानात बसण्याआधीच सोडलेला बरा.

निलगिरीत 1907 च्या सुमारास विल्सन यांनी रेनबो ट्राउट रुजवला. तिथल्या ॲव्हलांच, एमराल्डसारख्या उंचावरच्या तलावांना वर सांगितलेला सगळा हिशेब लागू पडतो, कारण पाणी थंड, स्थिर आणि चिलटे त्याच कुळातली. पवईच्या कटल्याला तो जसाच्या तसा लावू नये. कटलाही वरच्या थरात चरतो, पण गाळून खातो, एकेक कोष टिपत नाही. पवईच्या जाणकारांकडून त्यावर स्वतंत्र लेख मागवला आहे.

खरेदीचा क्रम विचाराल तर असा. पहिली, चांगल्या प्रतीची साधी तरंगती लाइन, थंड पाण्यासाठीची, जिचा रंग तुम्हाला उलट्या उजेडातही दिसेल. माशाला लाइनचा रंग किती कळतो यावर वाद घालण्यापेक्षा आपल्याला तिचे टोक दिसणे अधिक गरजेचे. दुसरी, तीन फुटांची मिज टिप, शक्यतो दुसऱ्या स्पूलवर, कारण वारा बदलतो तसा स्पूल बदलायला पाच मिनिटे पुरली पाहिजेत. तिसरी हॉव्हर, तीही नावेतून मासेमारी करणार असाल तरच. जलद इंटरमीजिएट आधीच घेतली असेल तर ती ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मासे पिल्लांमागे लागतात तेव्हा ल्युअर ओढायला तिच्यासारखी लाइन नाही.